कल्याण आधी, शहर नंतर

आमच्या घरातली बाई वाशीच्या, म्हणजे धाराशिवकडच्या वाशीच्या, बाहेर पडायची ती माहेराला, लग्नाला, मयतीला नाहीतर देवाला. याशिवाय दुसरं कारण नव्हतं. माझ्या आईला मात्र कारण नसताना जायचं होतं. तिला हैदराबाद बघायचं होतं. तिथं आमचं कुणी राहत नव्हतं आणि तिथून तिला काही आणायचंही नव्हतं. शहर बघायचं, आणि जाता-येता वाटेतले किल्ले, जुनी देवळं, जे काही दिसेल ते बघायचं, एवढंच. आता लोक उठतात आणि निघतात. माझी नातसून सुट्टी लागली की मोबाईलवर खोल्या ठरवते, आधी शहर मग लेणी, का आधी लेणी मग शहर, यावर नवरा-बायकोचा वाद चालतो. तो वाद ऐकत बसले होते, तेव्हा आईचं आठवलं. नातसुनेला सांगायला गेले तर ती म्हणाली, "मग जायचं की, त्यात काय एवढं." म्हणून लिहून ठेवते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. जे झालं तेवढं लिहीन.

तेव्हा आमच्याकडं निजामाचं राज्य होतं. कचेरीत उर्दू, घरात मराठी, आणि आई चिडली की कानडी, कारण तिचं माहेर आळंदकडचं, कानडी मुलखातलं. आम्ही लिंगायत. बाजारात वडिलांचं भुसाराचं दुकान होतं. शेताच्या बांधावरून भाऊबंदांशी जुना मुकदमा होता, तो खालच्या कचेऱ्या करत करत हैदराबादला जाऊन पडला होता. त्या पायी वडिलांना वर्षा-दीड वर्षानं हैदराबादची फेरी पडायची. आल्यावर मुकदम्याचं दोन वाक्यांत सांगायचे, कारण त्यात सांगण्यासारखं काही घडत नसे. मग जेवताना शहराचं सांगायचे. सिमेंटचे रस्ते. घरात नळ. काठावर उभं राहिलं तर पलीकडचं माणूस दिसत नाही असला तलाव. आणि दुमजली मोटार.

"दुमजली म्हंजे? वर माडी?" आईनं विचारलं. ती वाढत होती, तशीच पळी हातात धरून उभी राहिली.

"व्हय. वरबी माणसं, खालीबी माणसं."

"आन चालती ती?"

"न्हाय तर काय बैलं वढत्यात?"

"वर बाया बसत्यात का?"

वडील विचारात पडले. "बसत असतील. मी काय बाया बघाय गेल्तो का?"

"एवढं सगळं बघितलं आन कामाचं तेवढं न्हाय बघितलं," आई म्हणाली आणि त्यांच्या ताटात आमटी जरा जास्तच ओतली.

तिनं ते डोक्यात घेतलं ते तेव्हापासून. आमची आई हट्टी बाई नव्हती. दागिना मागितला नाही, वेगळी चूल मागितली नाही. पण हे एक धरलं ते धरलंच. वडिलांना ते आवडलं असावं. त्यांनाही तिथल्या रस्त्यांतून एकट्यानं फिरून कंटाळा येत असेल. ते म्हणाले, माघात सुगी उरकली की नेतो.

आता आत्याचं सांगितलं पाहिजे. वडिलांची थोरली बहीण. लहानपणी विधवा होऊन परत आली आणि त्यांची आई गेल्यावर तिनंच वडिलांना वाढवलं. घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला. ती वाईट बाई नव्हती, हे मी ठामपणे लिहिते. मला मुदतीचा ताप आला तेव्हा रात्रंदिवस माझ्या उशाशी बसली ती आत्याच. पण तिला विचारल्याशिवाय घरातलं मांजरसुद्धा उंबरा ओलांडत नसे.

चैत्रात अंगणात शेवया चालल्या होत्या. आत्या पाटावर बसून शेवई वळत होती, आई बाजेवर पसरत होती, मी माश्या वारत होते. तापातून उठून मला थोडेच महिने झाले होते, डोक्यावरचे केस गेले होते ते नुकते येत होते. वडील दुकानातून आले, पाणी प्यायले आणि जाता जाता म्हणावं तसं म्हणाले, "अक्का, पुढच्या माघात ही, मी आन पोरगी, हैदराबादला जाऊन यावं म्हणतो."

"कशाला?"

"असंच. सैर."

आत्याचे हात थांबले नाहीत. "सैर," ती म्हणाली. "सैर नवाबाच्या बायका करत्यात, पडद्याच्या गाडीतनं. भुसार इकणाऱ्याच्या बायकोला कसली सैर? लोक इचारतील, कोण मेलं का कोण पळालं? काय सांगू म्या? की आमची सून रस्ते बघाय गेलीय म्हणून?"

वडिलांनी रिकामा तांब्या परत तोंडाला लावला. ते आत्यापुढं कायम गप्प असत. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात आई बाजेवरून नजर न उचलता म्हणाली, "वन्सं, नवस हाय."

आता आत्याचे हात थांबले.

"कुणाचा नवस?"

"हिचा." आईनं माझ्याकडं बोट केलं. "हिचा ताप उतरंना तवा बोलले. पोर उठली तर कल्याणला आणून पायावर घालीन म्हणून."

कल्याण म्हणजे मुंबईजवळचं नव्हे. हैदराबादच्या वाटेवर, उमरग्याच्या पुढं आहे ते. आमच्या धर्माच्या शरणांचं, म्हणजे संतांचं, गाव. जुना किल्ला, तळं, लेणी आणि मठ. आत्या तिथं कधी गेली नव्हती, पण जायची तिची इच्छा होती हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आईनं गाव बरोबर निवडलं होतं.

"मला कसं न्हाय सांगितलंस?"

"बोललेला नवस फिटंस्तवर सांगू न्हाय म्हणत्यात."

"मग आता का सांगितलास?"

"तुमी इचारलं म्हणून."

आत्यानं तिच्याकडं नीट बघितलं. मग तिनं तो प्रश्न विचारला जो आमच्याकडची कुठलीही बाई विचारेल. "काय सोडलंयस?"

नवस बोललं की तो फिटेपर्यंत काहीतरी सोडायचं, अशी आमच्याकडं रीत. कुणी दूध सोडतं, कुणी वहाणा, कुणी पान. त्यावरून नवस खरा का खोटा ते कळतं. आई सकाळीच माझ्यासमोर दूध प्यायली होती. वहाणा दारात पडल्या होत्या. पान तर तोंडात होतं. ती क्षणभर शेवईची लड हातात धरून बसली.

"आंबा," ती म्हणाली.

वडिलांना ठसका लागला. आंबे अजून आले नव्हते. मी आजारी पडल्यापासून घरात कुणीच आंबा खाल्ला नव्हता, त्यामुळं ते कुणाला खोटं पाडता येईना. आत्यानं मान हलवली. "बरं," ती म्हणाली. "नवसाला घरातलं वडीलधारं लागतं. म्याबी येनार."

वडिलांनी ठसका आवरला आणि म्हणाले, "मग कल्याणपातुर गेलोच तर तसंच पुढं हैदराबादबी करून येऊ, अक्का. तिथनं लांब न्हाय." आत्या काही बोलली नाही. आईनं त्याचा अर्थ होकार असा घेतला. तिची चूक एकच नव्हती, पण ही पहिली.

त्या उन्हाळ्यात घरात आमरस झाला, पाहुण्यांना झाला, गड्यांना झाला. आई पोळ्या करायची आणि स्वतः चटणी-भाकरी खायची. आत्या लक्ष ठेवून होती असं मला वाटत नाही, पण आईला तसं वाटायचं. कोय चोखायलासुद्धा ती घाबरली. मी तिला एकदा माडीवर नेऊन फोड द्यायला गेले तर तिनं माझ्या हातावर फटका मारला. "तुझ्या नावचा नवस हाय, रांडं," ती म्हणाली. मी म्हटलं, "पण तो खोटा हाय ना?" तिनं फोड माझ्याच तोंडात कोंबली. मला तेव्हाच कळायला हवं होतं, की खोटा नवस तिच्या मनात हळूहळू खरा होत चालला होता.

पण बेत मात्र ती आनंदानं करायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. वडिलांना विचारून विचारून तिनं वाटेतली सगळी गावं पाठ केली आणि दुपारी आत्या लवंडली की चिंचोके घेऊन बसायची. जमिनीवर एकापुढं एक चिंचोका मांडायची. येरमाळा, इथवर बैलगाडी. मग मोटार. धाराशिव. तुळजापूर. नळदुर्ग, इथं किल्ला बघायचा, किल्ल्यात पाण्याखाली महाल आहे आणि त्याच्यावरून पाणी पडतं असं तिनं ऐकलं होतं. उमरगा. मग फाटा, आणि फाट्यावरून आत कल्याण. परत फाट्यावर. हुमनाबाद. आणि शेवटी भिंतीपाशी मोठा चिंचोका, तो हैदराबाद. वाटेत जे आधी येतं ते आधी, नंतर येतं ते नंतर. कुणीही असंच मांडलं असतं. मीही असंच मांडलं असतं. शहरात मुकदम्याच्या वकिलांच्या घरामागच्या खोलीत राहायचं ठरलं. इरकल शहरासाठी ठेवायची, मठात साधं लुगडं चालेल. दशम्या जातानाच्या, धपाटे येतानाचे, तिथल्या पाण्यानं पोट बिघडलं तर ओवा. तलावाच्या काठी वारा असतो तर पदराला टाचणी लावावी का, असंसुद्धा तिनं वडिलांना विचारलं. शेजारची कासारीण तिची चेष्टा करायची. "वैनी, हैदराबादची होऊन येताव व्हय? आमाला वळख ठिवा बरं का." आई हसायची. तिची चेष्टा झाली तरी तिला चालायचं, कारण त्यात हैदराबादचं नाव यायचं.

देश स्वतंत्र झाला त्याच्या आदल्या हिवाळ्यात आम्ही निघालो. वडील, आई, आत्या आणि मी. मोटारीत पुढच्या बाकांवर बायका बसायच्या. आत्याला मोटार लागली आणि ती तुळजापूरपर्यंत पिशवीत तोंड घालून होती. नळदुर्गला मोटार थांबली तेव्हा वडील आम्हाला पळत पळत किल्ल्यात घेऊन गेले. तो पाण्याचा महाल होता, पण पाणी पडत नव्हतं. माघ होता. धरणाच्या भिंतीवरून हिरवे ओघळ तेवढे वाळून राहिले होते.

"पाणी कुठाय?" आईनं विचारलं.

"पावसाळ्यात पडतं," वडील म्हणाले.

"मग पावसाळ्यात का न्हाय आलो?"

"पावसाळ्यात आलो असतो तर तू मोटार चिखलातनं ढकलली असतीस."

ती खालच्या खोलीच्या खिडकीतून कोरड्या भिंतीकडं बघत राहिली. तरी नाराज झाली नाही. म्हणाली, भिंत तर बघितली, येताना परत बघू. मोटारवाल्यानं भोंगा वाजवला म्हणून पळत परत आलो.

कल्याणात आम्ही मठात उतरलो. सकाळी आंघोळ करून नवस फेडला. माझ्या कपाळाला विभूती लावली, मला पायावर घातलं, जंगमांना, म्हणजे आमच्या पुरोहितांना, जेवण दिलं. आत्या रडली. मला तिचं रडणं विचित्र वाटलं, कारण आईचा चेहरा कोरडा होता. स्वामींनी आईला विचारलं, काय सोडलं होतं? ती म्हणाली, आंबा. ते म्हणाले, "आता खा. फिटला." तेव्हा मात्र आईच्या अंगावर काटा आलेला मी पाहिला. मी तिच्या शेजारीच होते, तिचा दंड माझ्या खांद्याला लागून होता.

दुपारनंतरचा वेळ तिचा होता. किल्ल्यात जहागीरदाराची माणसं होती, त्यांनी आत सोडलं नाही. म्हणून आम्ही तळ्याच्या बाजूनं लेण्यांकडं गेलो. तिथं बायका पाणी भरत होत्या, त्यांच्याशी आई कानडीत बोलायला लागली. काय बोलत होती ते मला निम्मंच कळलं. एक बाई काहीतरी म्हणाली आणि आई मोठ्यानं हसली. वाशीत ती अशी कधी हसली नव्हती. तिनं लेण्यांच्या प्रत्येक खोलीत डोकं घातलं. मोडक्या देवळाच्या खांबावरून हात फिरवला. वडिलांना विचारलं, कोण राजा होता, कुठं गेला. वडील म्हणाले, राजे असतात आन जातात. ती म्हणाली, आपला राजाबी जाईल का? वडिलांनी इकडं-तिकडं बघून तिला गप्प केलं.

मी हे एवढं लिहिते कारण तिनं जे बघितलं ते तेवढंच. तेव्हा आम्हाला वाटत होतं, ही सुरुवात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी टांग्यानं फाट्यावर आलो. तिथं एक चहाची टपरी आणि लिंबाचं झाड. उजवीकडं रस्ता हैदराबादला, डावीकडं उमरग्याला, म्हणजे घराकडं. आईनं टांग्यातच इरकल नेसायची म्हटलं होतं, पण वडिलांनी हसून अडवलं होतं. ती उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली. आत्या डाव्या बाजूला जाऊन गाठोड्यावर बसली.

वडील म्हणाले, "अक्का, इकडं या. मोटार इकडनं."

"घरची मोटार इकडनंच येती," आत्या म्हणाली.

"आपण हैदराबादला चाललोय."

"कोण आपण?" आत्यानं मांडीवरची पुडी दाखवली. अंगाऱ्याची आणि प्रसादाची पुडी, फडक्यात बांधलेली. "नवस फिटला. परसाद हातात हाय. देवाहून आल्यावर आधी कुणाच्या उंबऱ्यात पाय ठिवत्यात? आपल्या का वकिलाच्या?"

हे खरं होतं. आमच्याकडं ती रीत कुणाला शिकवावी लागत नाही. देवाला गेलं की येताना सरळ घर गाठायचं. वाटेत कुणाच्या घरात शिरायचं नाही, रात्र काढायची नाही. प्रसाद आधी आपल्या देवापुढं ठेवायचा, मग दुनिया. आईला ही रीत माहीत होती. माहीत असून तिच्या लक्षात आली नव्हती, कारण तिच्या डोक्यात हा देव नव्हताच, तो वाटेतला एक चिंचोका होता. शहर आधी आणि कल्याण परतीच्या वाटेवर ठेवलं असतं तर कुणाला काही बोलता आलं नसतं. आत्यासुद्धा मुकाट्यानं दुमजली मोटारीत चढली असती. इतक्या महिन्यांत ते आम्हा कुणालाच सुचलं नाही. आत्याला सुचलं होतं का, हे मला कधी कळलं नाही. तिनं चैत्रातच हे ओळखलं असेल आणि बोलली नसेल, असंही असेल.

"अक्का, एवढं लांब येऊन..." वडील म्हणाले.

"लांब आलाव ते नवसासाठी आलाव ना? का दुसऱ्या कशासाठी?"

वडिलांनी आईकडं बघितलं. आईनं वडिलांकडं बघितलं. आता त्या दोघांपैकी कुणीतरी एक वाक्य बोलायचं होतं. नवस खोटा होता, एवढंच. रीत खऱ्या नवसाला असते, खोट्याला कसली रीत? ते वाक्य बोललं की हैदराबाद मोकळं होतं. मी लहान होते पण मला हे स्पष्ट कळत होतं, आणि मी वाट बघत होते.

तेवढ्यात हैदराबादची मोटार आली. धुरळा उडवत आली आणि टपरीपुढं उभी राहिली. कंडक्टर दारात लटकून ओरडला, "बल्दा! बल्दा! हैदराबाद जानेवाले!" हैदराबाद शहराला तेव्हा बल्दा म्हणत.

आईनं गाठोडं उचललं. मी तिचा पदर धरला. ती दोन पावलं पुढं गेली.

आत्या जागची उठली नाही. तिनं आवाजही चढवला नाही. "जा," ती म्हणाली. "तुझी पोर हाय, तुझा नवस हाय. उद्या परत तिला ताप आला तर माझ्याकडं बघू नगंस."

आई थांबली.

"अम्मा, आते क्या नई?" कंडक्टर म्हणाला. "गाडी रुकती नई."

आईनं माझ्या कपाळाला हात लावला. विभूती होती तिथं. ताप आहे का बघावा तसा तळहात टेकवून ठेवला. माझं कपाळ उन्हानं तापलं होतं, त्या दिवसांत कुणाचंही तापलं असतं. तिचा हात तसाच राहिला. मी म्हटलं, "आई, मला काय होत न्हाय." खरंच म्हटलं. जोरात म्हटलं. वडिलांनी ते ऐकलं आणि रस्त्याकडं बघायला लागले.

"साकु," आई म्हणाली. कानडीत साकु म्हणजे पुरे. कुणाला म्हणाली कळलं नाही. मला, कंडक्टरला का स्वतःला. मग गाठोडं घेऊन ती रस्ता ओलांडून आत्याच्या शेजारी जाऊन बसली.

मोटार गेली. कंडक्टर आमच्याकडं बघून हसत काहीतरी म्हणाला. घरची मोटार यायला बराच वेळ लागला. त्या वेळात आत्यानं दशम्या काढल्या आणि आईला आग्रह करून खायला घातलं. आईनं खाल्लं. रडली नाही, भांडली नाही. येताना नळदुर्गला मोटार थांबली तेव्हा ती खाली उतरली नाही.

घरी आल्यावर आत्यानं मावंदं घातलं. देवाला जाऊन आलेल्याचं जेवण घालतात, तसं. गल्लीतल्या बायका आल्या, त्यांनी आईचे पाय धुतले, तिच्या पाया पडल्या. वयानं मोठ्या बायकासुद्धा पडल्या. आई पाटावर बसून राहिली. आत्या सगळ्यांना सांगत होती, माझ्या भावजयीनं एक उन्हाळा आंब्याला शिवलं न्हाय, असल्या सुना मिळत्यात व्हय? ती हे मनापासून सांगत होती. कासारीण आईच्या कानाशी लागून म्हणाली, "आन हैदराबाद?" आई म्हणाली, "तुला जिलबी वाढू का?"

थोड्या दिवसांनी, मी भांडी विसळत होते तेव्हा ती माझ्याशी बोलल्यासारखं बोलली. पुढच्या खेपेला आधी हैदराबाद. येताना तुळजापूर. तुळजापुरावरनं सरळ घर. तिनं चिंचोके काढले नाहीत, आता गरजच नव्हती. त्या बेतात खोट काढायला जागा नव्हती. नवसाचं नाव मात्र काढायचं नाही, असं ती म्हणाली. कारण काय सांगायचं ते नंतर बघू.

पुढचा पावसाळा आला. सोलापूरकडं स्वराज्य झालं आणि आमच्याकडं झालं नाही. तिथून पुढची गडबड ज्यांनी बघितली त्यांना सांगायला नको, ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगून कळत नाही. गावं जळाल्याच्या बातम्या यायला लागल्या. बाजार भरेना. मोटारी कधी निघायच्या, कधी नाही. हैदराबादच्या वाटेला तर कुणी जाईना, मुकदम्याच्या तारखासुद्धा वडिलांनी सोडून दिल्या. एका पहाटे आम्ही गाडी जुंपली आणि जे हाताला लागलं ते घालून सरहद्दीकडं निघालो, बार्शीच्या दिशेनं, हैदराबादच्या अगदी उलट. करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका चुकवून शेतातून गेलो. तेव्हा कारण काय म्हणून कुणी विचारलं नाही. आत्यासुद्धा किल्ल्या कमरेला तशाच लावून गाडीत बसली होती, कुलपं लावायची राहिली होती.

सरहद्दीपलीकडं एका खेड्यात शेतातल्या सपरात राहिलो. आमच्यासारखी बरीच कुटुंबं तिथं होती. विहीर एक आणि माणसं गावभर. आईला ताप आला. मला आला होता तसलाच मुदतीचा. या वेळीही उशाशी आत्याच बसली. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, आत्यानं काय काय सोडलं ते. दूध तर नव्हतंच, तिनं मीठ सोडलं, मग एक वेळचं जेवण सोडलं. तिचा नवस खरा होता. आई तापात कानडी बोलायची आणि आमच्यापैकी कुणाला ते पुरतं कळायचं नाही. हैदराबादचं नाव तिच्या तोंडून मला ऐकू आलं नाही. आलं असतं तर बरं वाटलं असतं असं मी म्हणणार नाही.

ती गेली. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. शेताच्या मालकानं बांधाजवळची जागा दिली, चांगला माणूस होता. जंगम मिळाला नाही, जेवढं येत होतं तेवढं वडिलांनी केलं. काही महिन्यांनी निजामाचं राज्य गेलं आणि आम्ही वाशीला परत आलो. ती तिथंच राहिली. माझं लग्न झाल्यावर मी एकदा नवऱ्याला घेऊन गेले होते, तेव्हा दगड होता. नंतर तिकडं कालवा आला, बांध मोडले, ऊस लागला. आता कुणी मला नेऊन सोडलं तरी जागा दाखवता येणार नाही.